बेरीज सगळ्यांची, वजाबाकी कोणाची?

गेल्या महिन्यात ठाण्याला मामांच्या घरी सत्यनारायण होता. प्रसाद झाला, जेवणे आटोपली आणि सतरंजीवर गप्पा सुरू झाल्या. माझा मावसभाऊ सोलापूरला टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला आहे. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात मुक्त व्यापार करारावर सह्या झाल्या, तेव्हापासून त्याचा उत्साह ओसंडून वाहतो आहे. तो म्हणाला, ''मामा, बांगलादेशाच्या मालाला तिकडे आधीपासून करमाफी होती, आपल्याला नव्हती. आता आपल्यालाही मिळणार. मग बघा ऑर्डरी कशा येतात त्या.''

मामा शांतपणे सुपारी कातरीत होते. ते म्हणाले, ''येऊ देत की. पण तुझा टॉवेल तिकडे जाणार, तसं तिकडून इकडेही काहीतरी येणारच ना? ते जे कोणी इकडे बनवतात, त्यांचं काय?''

मामांच्या प्रश्नाला इतिहास आहे. वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षे काढली. १ एप्रिल २००१ पासून आपल्या देशाने आयातीवरची उरलीसुरली संख्यात्मक बंधने उठवली. त्यानंतर बाहेरचा स्वस्त माल बाजारात आला आणि तीन-चार वर्षांत तो कारखाना बंद पडला. वयाच्या पन्नाशीत मामा एका सोसायटीत रखवालदार म्हणून उभे राहिले. ''गिऱ्हाईकाला वस्तू स्वस्त मिळाली, हे मला मान्य आहे,'' ते नेहमी म्हणतात, ''पण त्या स्वस्ताईत माझा पगार गेला, हे कोणी मान्य करीत नाही.''

मला त्या दुपारी जाणवले ते हे, की दोघेही खरे बोलत होते. व्यापार करारांवरच्या सगळ्या वादांची अडचण नेमकी हीच आहे. एकाचा फायदा खोटा नसतो आणि दुसऱ्याचा तोटाही खोटा नसतो. पण करारावर सही होते तेव्हा पहिला आकडा सरकारच्या पत्रकात छापला जातो, आणि दुसरा कुठेच लिहिला जात नाही. लिहून न ठेवलेल्या या आकड्याचे पुढे काय होते, हे पाहायचे असेल तर आपल्याला थोडे लांब, अमेरिकेत जावे लागेल. कारण तिथे असाच एक करार झाला, त्यावर असेच भांडण झाले, आणि त्याला आता तीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. दोन्ही बाजूंची भाकिते पारखून पाहण्याइतका हा काळ पुरेसा आहे.

चौतीस मतांचा फरक

अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांमधला उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करार, म्हणजेच 'नाफ्टा', १ जानेवारी १९९४ रोजी अमलात आला. तिन्ही देशांनी एकमेकांच्या मालावरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने काढून टाकायचे, असा त्याचा गाभा होता. श्रीमंत देश आणि त्याचा गरीब शेजारी यांना एका बाजारपेठेत आणणारा एवढा मोठा करार तोवर झाला नव्हता. मेक्सिकोतील मजुरी अमेरिकेच्या मजुरीचा लहानसा अंश होती. तेव्हा कारखाने सीमेपलीकडे जाणार का, हा प्रश्न प्रत्येक कामगाराच्या घरात विचारला जात होता.

करार घडवला तो रिपब्लिकन अध्यक्ष थोरले बुश यांनी. १९९२ च्या निवडणुकीत ते हरले आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे बिल क्लिंटन आले. कामगार आणि पर्यावरण या विषयांवर दोन पुरवणी करार जोडून क्लिंटन यांनी नाफ्टा आपलासा केला. त्याच निवडणुकीत रॉस पेरो या अपक्ष उद्योगपतीने 'या करारामुळे आपल्या नोकऱ्या दक्षिणेकडे ओढल्या जातील' असा घोष लावला होता, आणि त्याला जवळजवळ १९ टक्के मते मिळाली होती. कामगार संघटनांचा महासंघ कराराच्या विरोधात उभा ठाकला.

१७ नोव्हेंबर १९९३ रोजी प्रतिनिधिगृहात मतदान झाले. बाजूने २३४, विरोधात २००. गंमत अशी, की क्लिंटन यांच्या स्वतःच्या पक्षाच्या १०२ सदस्यांनी करार उचलून धरला आणि १५६ जणांनी विरोध केला. अध्यक्षांचा करार तरला तो विरोधी पक्षाच्या १३२ मतांच्या आधारावर. कामगारांचा म्हणवणारा पक्ष कामगारांच्याच प्रश्नावर उभा चिरला गेला.

अर्थशास्त्रज्ञांचा मोठा वर्ग कराराच्या बाजूने होता, आणि त्यांच्यापाशी जुना, भक्कम युक्तिवाद होता. प्रत्येक देशाने आपल्याला तुलनेने जे चांगले जमते ते करावे आणि बाकीचे दुसऱ्याकडून घ्यावे, यात दोघांचाही लाभ असतो, हे डेव्हिड रिकार्डोने १८१७ साली इंग्लंडचे कापड आणि पोर्तुगालची दारू यांचा दाखला देऊन दाखवले होते. पण याच शास्त्राने १९४१ साली आणखी एक गोष्ट सांगून ठेवली होती. स्टोल्पर आणि सॅम्युएल्सन या दोघांनी मांडले, की देशाची एकूण मिळकत वाढली तरी व्यापारामुळे देशातल्या एखाद्या वर्गाची मिळकत खरोखर घटू शकते. म्हणजे बेरीज वाढते, पण सगळ्यांच्या ताटात वाढ होतेच असे नाही. पहिला सिद्धांत भाषणांतून सांगितला गेला. दुसरा पाठ्यपुस्तकातच राहिला.

टॉवेलांचे गाव

मग भाकीत कोणाचे खरे ठरले? प्रामाणिकपणे सांगायचे तर कोणाचेच नाही.

क्लिंटन यांनी पहिल्या दोन वर्षांत २ लाख आणि पाच वर्षांत १० लाख नव्या नोकऱ्यांचे आश्वासन दिले होते. डिसेंबर १९९४ मध्ये मेक्सिकोचे चलन कोसळले, तिथला माल आणखी स्वस्त झाला आणि १९९५ पासून अमेरिकेचा मेक्सिकोबरोबरचा व्यापार तुटीत गेला. मग आश्वासनाचे कोणी नाव काढेना. दुसरीकडे पेरो यांनी वर्तवलेला प्रलयही आला नाही. त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतली बेकारी ४ टक्क्यांपर्यंत उतरली होती. करारावर टीका करणाऱ्या एका अभ्याससंस्थेने २०१० पर्यंत ६,८२,९०० नोकऱ्या मेक्सिकोबरोबरच्या तुटीमुळे गेल्याचा अंदाज काढला. तो जसाच्या तसा धरला, तरी तेरा कोटींहून अधिक नोकऱ्यांच्या देशात तो समुद्रातल्या चार घागरींसारखा दिसतो. सरकारी अभ्यासांनीही देशाच्या अर्थव्यवस्थेवर नाफ्टाचा एकंदर परिणाम बेताचाच झाला, असे म्हटले.

पण 'एकंदर' या शब्दातच सगळी मेख आहे. नोकऱ्या देशभर सारख्या वाटून जात नाहीत. त्या जातात विशिष्ट गावांतून, विशिष्ट धंद्यांतून आणि बहुतेक वेळा एकाच पिढीच्या हातातून.

उत्तर कॅरोलिना राज्यात शार्लट शहराजवळ कॅनापोलिस नावाचे गाव आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका गिरणीमालकाने ते वसवले आणि पुढे ते टॉवेल आणि चादरींसाठी जगभर प्रसिद्ध झाले. आजोबा, मुलगा, सून, नातू असे सगळे एकाच गिरणीच्या भोंग्यावर उठणारे हे गाव होते. गिरणगावात वाढलेल्या आपल्या वाचकांना त्याचे चित्र वेगळे रंगवून सांगायला नको. ३० जुलै २००३ रोजी ती गिरणी बंद झाली. कंपनीच्या सगळ्या ठिकाणचे मिळून सुमारे ६,४५० लोक एका दिवसात घरी बसले. त्यांपैकी सुमारे ४,८०० एकट्या उत्तर कॅरोलिनातले होते.

ही गिरणी एकट्या नाफ्टाने बुडवली असे म्हणणे अन्यायाचे होईल. कंपनी कर्जात रुतली होती आणि टॉवेलांची खरी स्पर्धा होती ती आशियातून. पाकिस्तान, चीन आणि आपला भारत. माझ्या मावसभावाच्या सोलापूरहून निघणारा टॉवेल ज्या बाजारात जातो, त्याच बाजारातला हा टॉवेल. सोलापूरच्या मागावर एक पाळी वाढते तेव्हा दूरच्या कुठल्यातरी गावात एक पाळी बंद होत असते, हे आपल्याला इथून दिसत नाही, एवढेच. आपण त्याबद्दल अपराधी वाटून घ्यावे असे मी म्हणत नाही. आपल्या विणकरालाही पोट आहे. पण ते दिसावे, एवढे खरे.

कॅनापोलिसच्या कामगारांपैकी अनेकांचे शालेय शिक्षणही पुरे झालेले नव्हते. पुढे गिरणीच्या इमारती पाडून तिथे संशोधनसंस्थांची भव्य वसाहत उभी राहिली. गावाचे नाव पुन्हा वर आले. पण तीस वर्षे मागावर उभ्या राहिलेल्या बाईला प्रयोगशाळेत काम मिळणे सोपे नसते. आपल्याकडे लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहिले. तिथल्या बंद गिरण्यांची कारणे निराळी, पण त्या मनोऱ्यांकडे पाहणाऱ्या कामगाराच्या नजरेत आणि कॅनापोलिसच्या त्या बाईच्या नजरेत मला फारसा फरक वाटत नाही.

शुशानिक हाकोब्यान आणि जॉन मॅकलॅरेन या दोन अर्थतज्ज्ञांनी २०१६ मध्ये नाफ्टाचा स्थानिक परिणाम मोजला. १९९० ते २००० या काळात ज्या धंद्यांचे संरक्षण सर्वांत जास्त काढून घेतले गेले, त्यांतल्या शाळा अर्धवट सोडलेल्या कामगारांची वेतनवाढ इतरांच्या मानाने सुमारे १७ टक्के बिंदूंनी मागे राहिली. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती मला फार बोलकी वाटते. अशा गावातल्या खानावळीत वाढप करणाऱ्या बाईची नोकरी काही मेक्सिकोला जात नाही. तरीही तिचा पगार मागे राहिला. कारण कारखान्यातून सुटलेली माणसे त्याच खानावळीच्या दारात काम मागायला उभी होती, आणि तिथे जेवायला येणाऱ्यांचे खिसे रिकामे झाले होते.

नदीपलीकडचे गाव

अमेरिकेचे गेले ते मेक्सिकोला मिळाले, म्हणजे तिकडचा कामगार तरी सुखी झाला असेल, असे आपल्याला वाटेल. सीमेलगत कारखान्यांची रांग उभी राहिली, मोटारींचा धंदा भरभराटीला आला, हे खरे. पण करार अमलात आला त्याच दिवशी, १ जानेवारी १९९४ रोजी, दक्षिणेकडच्या चियापास प्रांतात आदिवासी शेतकऱ्यांनी सशस्त्र उठाव केला. सामुदायिक शेतजमिनींना राज्यघटनेने दिलेले संरक्षण कराराच्या तयारीत १९९२ मध्येच सैल केले गेले होते आणि आता अमेरिकेचा अनुदानावर पोसलेला मका दारात येणार होता.

मका हे मेक्सिकोचे नुसते पीक नव्हे. आपल्याकडे ज्वारीची भाकरी तशी तिकडे मक्याची. म्हणून मक्यावरचे शुल्क पंधरा वर्षांत, २००८ पर्यंत हळूहळू काढायचे, असे करारात ठरले होते. शेतकऱ्याला सावरायला तेवढी उसंत. पण प्रत्यक्षात मेक्सिकोच्या सरकारने शहरांतली महागाई आटोक्यात ठेवण्यासाठी सुरुवातीपासूनच ठरलेल्या कोट्याबाहेरचा मकाही शुल्क न घेता आत येऊ दिला. वेळापत्रक कागदावर राहिले. लहान शेतकऱ्यांची लाखो मुले गाव सोडून निघाली. काही सीमेवरच्या कारखान्यांत गेली, आणि काही सीमा ओलांडून थेट अमेरिकेत.

कारखान्यांत गेलेल्यांचेही फारसे फावले नाही. तिथे मालकधार्जिण्या संघटना कामगारांना न विचारता, कित्येकदा कारखाना सुरू होण्याआधीच, वेतनकरार करून मोकळ्या होत. उत्पादन वाढत गेले आणि पगार मात्र वर्षानुवर्षे जवळजवळ तिथेच रखडला. तेव्हा अमेरिकेचा कामगार विरुद्ध मेक्सिकोचा कामगार, असे जे चित्र रंगवले जाते ते अपुरे आहे. पहिल्याची नोकरी गेली आणि दुसऱ्याच्या हाती त्या नोकरीचा पुरता मोबदला आला नाही. मधल्या मधे बरेच काही तिसऱ्याच्या खिशात गेले.

भरपाईचा तांब्या

'नुकसान होईल त्यांना भरपाई देऊ', असे प्रत्येक करारकर्ता म्हणतो. अमेरिकेत तशी योजनाही होती. आयातीमुळे नोकरी गेलेल्यांना भत्ता आणि नवे शिक्षण द्यावे, ही व्यवस्था अध्यक्ष केनेडी यांच्या काळात १९६२ मध्येच झाली होती आणि नाफ्टाबरोबर तिची वेगळी शाखाही निघाली. पण आपली नोकरी आयातीनेच गेली, हे कामगाराच्या बाजूने सिद्ध व्हायला हवे. अर्ज करावा, चौकशी व्हावी, मंजुरी यावी, मग वर्गात बसून पन्नाशीत संगणक शिकावा. कॅनापोलिसच्या शेकडो कामगारांनी तेही केले. पण जवळपास तशा पगाराचे कामच नसेल, तर प्रमाणपत्र भिंतीवर टांगण्यापलीकडे उपयोग काय? वणव्यावर तांब्याभर पाणी शिंपडावे, तसा हा प्रकार होता. शेवटी मुदतवाढ न मिळाल्याने १ जुलै २०२२ पासून या योजनेत नवे अर्ज घेणे बंद झाले. म्हणजे करार टिकले, आणि त्यांच्या बदल्यात दिलेले वचन विरून गेले.

ज्याचे जळते त्यालाच कळते, असे आपण म्हणतो. लोकशाहीत मात्र ज्याचे जळते तो मतदानालाही जातो. २०२४ मध्ये चार अर्थतज्ज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नाफ्टाचा सर्वाधिक फटका बसणाऱ्या परगण्यांत रोजगार ५ ते ८ टक्क्यांनी घटला, आणि जे परगणे आधी डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकलेले होते, ते करारानंतर हळूहळू रिपब्लिकन पक्षाकडे वळले, असे त्यात दिसले. २००१ च्या डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत आला आणि या जखमेवर त्याहून मोठा घाव बसला. २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प नाफ्टाला शिव्या घालीत मिशिगन, पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन ही कारखान्यांची राज्ये जिंकून गेले, तेव्हा शहाण्या लोकांना नवल वाटले. नवल वाटायला नको होते. हिशेबात न धरलेला आकडा मतपेटीतून बाहेर आला होता.

सोळा डॉलरची अट

पुढे नाफ्टा मोडीत निघाला आणि त्याच तीन देशांचा नवा करार १ जुलै २०२० रोजी लागू झाला. त्यात दोन गोष्टी नवीन होत्या. मोटारीवरील शुल्कमाफी हवी असेल तर तिच्या किमतीचा ४० ते ४५ टक्के भाग तासाला किमान १६ डॉलर मिळवणाऱ्या कामगारांच्या हातून झालेला हवा, ही पहिली. आणि एखाद्या कारखान्यात संघटना निवडण्याचा हक्क डावलला जात असेल, तर थेट त्या कारखान्यावर कारवाई करता येईल, ही दुसरी. या कलमांसाठी डेमोक्रॅटिक सदस्य आणि कामगार महासंघ हटून बसले होते. ती पदरात पडल्यावर त्यांनी पाठिंबा दिला आणि प्रतिनिधिगृहात ३८५ विरुद्ध ४१ मतांनी करार संमत झाला. १९९३ चे २३४ आणि २०० आठवा, म्हणजे फरक ध्यानात येईल.

या कलमांचा काही उपयोग झाला का? मेक्सिकोतील सिलाओ गावात जनरल मोटर्सचा मोठा कारखाना आहे. २०२१ मध्ये तिथल्या वेतनकरारावर कामगारांचे मत घेतले जात असताना मतपत्रिका नष्ट केल्या गेल्याचे उघड झाले. नव्या कलमाखाली तक्रार झाली आणि देखरेखीखाली पुन्हा मतदान झाले. कामगारांनी जुना करार फेटाळला, फेब्रुवारी २०२२ मध्ये स्वतंत्र संघटना निवडून दिली आणि मे महिन्यात ८.५ टक्के पगारवाढ पदरात पाडून घेतली. एका कारखान्याच्या गोष्टीने जग बदलत नाही. बंद पडलेले एकही गाव यामुळे पुन्हा सुरू झाले नाही. पण व्यापाराच्या करारात कामगाराचे पान घालता येते आणि ते वाचले तर त्याचा उपयोगही होतो, एवढे यातून सिद्ध झाले.

याउलट, 'शुल्कच वाढवा, म्हणजे कारखाने परत येतील' हा उपाय सोपा आणि टाळ्या घेणारा आहे. २०१८ मध्ये अमेरिकेने पोलादावर आणि चिनी मालावर जबर शुल्क लावले. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेतल्या दोन अर्थतज्ज्ञांनी हिशेब केला, तेव्हा कारखान्यांतल्या नोकऱ्या वाढण्याऐवजी उलट थोड्या घटल्याच, असे दिसले. कारण एकाचे पोलाद हा दुसऱ्याचा कच्चा माल असतो आणि समोरचा देशही गप्प बसत नाही. २०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा तिरुपूरचे कपडे आणि आंध्रची कोळंबी यांच्या ऑर्डरींवर कुऱ्हाड आली. उघडलेले दार धाडकन बंद झाले की बोटे चेंगरतात तीही कामगाराचीच.

आपल्या अंगणात

आता घरी परत येऊ. कामगारांच्या हक्कांची कलमे करारांत घालायला भारताचा पूर्वापार विरोध होता. १९९६ मध्ये सिंगापूरच्या जागतिक व्यापार परिषदेत श्रीमंत देशांनी हा विषय काढला, तेव्हा तो रोखणाऱ्यांत आपण पुढे होतो आणि आपल्या कामगार संघटनाही सरकारच्या बाजूने उभ्या होत्या. तो संशय निराधार नव्हता. आमच्या मजुराचा कळवळा दाखवून आमचा माल अडवायचा, हा डाव त्यात असू शकत होता आणि आजही असू शकतो. पण तीस वर्षांत पुलाखालून बरेच पाणी वाहून गेले. ब्रिटनबरोबरच्या नव्या करारात कामगार या विषयावर स्वतंत्र प्रकरण आहे.

करारांवरून आपल्याकडेही रान पेटलेले आहे. आग्नेय आशियाई देशांशी झालेल्या करारामुळे रबर, मिरी आणि मासळीचे भाव पडतील, म्हणून २ ऑक्टोबर २००९ रोजी केरळात डाव्या आघाडीने राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मानवी साखळी धरली होती. पुढे 'आरसेप' या पंधरा देशांच्या करारातून भारत ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बाहेर पडला, तेव्हा तर स्वदेशी जागरण मंच, काँग्रेस आणि डाव्यांच्या किसान सभा एकाच बाजूला होत्या. न्यूझीलंडची दूध भुकटी आली तर कोल्हापूर-नगरकडच्या दोन म्हशींच्या शेतकऱ्याचे काय होईल, हा प्रश्न सर्वांनाच पटला. ब्रिटनमध्येही मे २०२५ मध्ये याच्याच उलट्या बाजूचे भांडण झाले. तिकडे तात्पुरत्या कामासाठी जाणाऱ्या भारतीयांना तीन वर्षे सामाजिक विम्याच्या दुहेरी वर्गणीतून सूट मिळणार, त्यामुळे ब्रिटिश कामगार महाग ठरेल, असा ओरडा तिथल्या विरोधी पक्षाने केला. म्हणजे दोन्ही किनाऱ्यांवर भीती एकच, फक्त बोट दाखवण्याची दिशा वेगळी.

पण या सगळ्या गदारोळात ज्यांची संघटना आहे आणि ज्यांची मते एकगठ्ठा आहेत, त्यांचाच आवाज ऐकू येतो. दूध उत्पादकांचा आवाज ऐकला गेला, हे चांगलेच झाले. पण आपल्या देशातले दहापैकी जवळजवळ नऊ कामगार असंघटित आहेत. वागळे इस्टेटमधल्या चाळीस माणसांच्या कारखान्यासाठी कोणी मानवी साखळी धरली नव्हती. व्यापार करारामुळे काम गेले म्हणून भरपाई देणारी, अमेरिकेसारखी तुटपुंजी का होईना, पण स्वतंत्र योजना आपल्याकडे नाही.

ब्रिटनच्या करारात स्कॉच व्हिस्कीची तरतूद वाचताना मला मोठी मौज वाटली. तिच्यावरचे शुल्क १५० टक्क्यांवरून आधी ७५ टक्क्यांवर आणि दहाव्या वर्षापर्यंत ४० टक्क्यांवर आणायचे, असे ठरले आहे. बाटलीसाठी दहा वर्षांचे वेळापत्रक आखता येते. मोटारींसाठी कोटे ठरवता येतात. मग ज्या माणसाच्या धंद्यावर आयातीचा घाला पडणार, त्याच्यासाठी वेळापत्रक का आखता येऊ नये? सही करण्याआधी कोणत्या जिल्ह्यातला कोणता धंदा अडचणीत येईल, याचा अंदाज सरकारकडे असतोच. वाटाघाटी त्या आकड्यांवरच चालतात. तो अंदाज लोकांपुढे ठेवावा. शुल्क घटायला लागण्याआधी भरपाईचा पैसा अंदाजपत्रकात दिसावा, नंतर नव्हे. आणि निर्यातीतून ज्यांची भरभराट होणार, त्यांच्या कारखान्यांत ती पगारपत्रकापर्यंत पोहोचते का, हे पाहणारे कोणी असावे. मेक्सिकोचा धडा तोच आहे. यातली एकही गोष्ट मुक्त व्यापाराच्या विरोधात नाही. उलट, मुक्त व्यापार टिकावा असे ज्यांना वाटते त्यांनीच याचा आग्रह धरायला हवा. कारण ज्यांना मोजले गेले नाही ते एक दिवस करारच मोडायला निघतात, हे अमेरिकेने दाखवून दिले आहे.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही निघालो, तेव्हा मामा आम्हाला जिन्यापर्यंत पोहोचवायला आले. मावसभावाच्या हातात प्रसादाचा डबा देत ते म्हणाले, ''तुझे टॉवेल जाऊ देत रे लंडनला. माझी ना नाही, आनंदच आहे. फक्त एक सांग. तुमच्याकडे रात्रपाळीला जी माणसं असतात, त्यांच्यातली कायम किती?''

मावसभाऊ क्षणभर थांबला. ''विचारून सांगतो, मामा,'' म्हणाला.